आयचा आवाज

रत्नाने आयचा फोटो भिंतीवरून काढला, त्याचा हार सोडवला आणि तांदळाच्या पिंपात दोन्ही ठेवून झाकण लावलं.

"खिळा दिसतोय की गो," शेजारची हौशीकाकी दारातून म्हणाली. "पोराला खिळ्याच्या पाया पडायला लावतीस काय?"

"कॅलेंडर लावते तिथं."

"लाव. म्हंजे आल्या आल्या एकादशी तरी कळंल त्याला."

रत्ना हसली नाही. तिचा धाकटा भाऊ अजय आज घरी येणार होता.

अजय मालवाहू जहाजावर खलाशी. भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं तसा तोही गेला. फक्त तिथे थांबला नाही. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला समुद्री चाच्यांनी त्याचं जहाज पळवलं. मग गौरी-गणपती गेले, दिवाळी गेली, शिमगाही गेला. परवा नौदलाचे कमांडो जहाजावर चढले. टीव्हीवर सांगितलं, जहाजावर होते तेवढे सगळे सुखरूप सुटले. खर्डी स्टेशनबाहेर लगेच स्वागताचा बॅनर लागला. त्यावर अजय कोपऱ्यात होता आणि पुढारी मधोमध.

जहाज पळवल्याचं कळलं तेव्हाच आयने अंथरूण धरलं होतं. त्यातून ती उठली नाही. तिचं दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले, आणि त्याच संध्याकाळी तिचा मोबाइल वाजला.

"आये?"

आवाज खरखरत, फार लांबून येत होता. मागे कुणीतरी परक्या भाषेत ओरडत होतं.

रत्नाचा आवाज थेट आयसारखा. फोनवर सख्खा मामासुद्धा फसायचा. आणि ज्याच्या डोक्याशी बंदूक आहे, त्याला आय गेल्याचं फोनवर सांगतात का?

"हां बाला," ती म्हणाली.

तिथून पुढे मागे फिरता आलं नाही. आय गेल्याचं गावाला ठाऊक होतं. ती फोनवर अजून बोलते, हे एकट्या हौशीकाकीला.

चाचे अधूनमधून फोन लावून देत. घरच्यांनी रडावं, जहाजाच्या मालकाच्या मागे लागावं, म्हणून. पण अजय रडत नसे. "खाल्लंस का आये? गोळ्या घेतीस ना?" एवढंच विचारी. आवाज बसलेला असायचा. "खारा वारा हाय ना इकडं," म्हणायचा. ताई कुठंय, असं विचारलं की रत्ना सांगायची, "पाण्याला गेलीय." आपणच आपल्याला पाण्याला धाडायचं म्हणजे कमाल झाली, असं तिच्या मनात यायचं. मग फोन ठेवून ती चुलीपाशी बसून राहायची.

एकदा तो म्हणाला, "आये, मी बारका असताना कसा होतो, सांग ना."

रत्नाने कालव्याची गोष्ट सांगितली. तो पाण्यात पडला, आय लुगड्यासकट उतरली, केसाला धरून बाहेर काढलं.

"मग? मग काय केलंस तू?" पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं त्याने विचारलं.

"मग काय! आधी थोबाडीत दिली, मग पोटाशी धरलं."

"परत सांग ना," तो म्हणाला. रत्नाला वाटलं, उपाशी माणसाला स्वतःचं लहानपणही परकं वाटत असेल.

"तुझा तो मुरबाडचा दोस्त कसा हाय? विपुल?" तिने विषय बदलला. जहाज पळवलं जाण्याआधी अजयने बंदरातून दोघांचा फोटो पाठवला होता. नारिंगी कपडे, गळ्यात गळे. विपुलची एक भुवई मधोमध चिरलेली.

"हाय तो. त्याला आय नाय ना, बारकेपणीच गेली. त्याला फोन करायला कोणी नाय."

"मंग माझ्याशी बोलायला सांग की त्याला."

"सांगतो," तो म्हणाला आणि फोन कट झाला.

परवा सुटल्यावरही त्याचा फोन आला होता. "आये, सुटलो आमी. उतरलो की पयला तुझ्याकडंच येतो." पाठोपाठ जहाजाच्या कंपनीतल्या बाईंचा आला. "अजयच्या आई, सकुबाईच बोलताय ना? घरात मोठं कुणी जवळ आहे का?" या बाईंना आय गेल्याचा वास लागला तर त्या अजयला वाटेतच सांगून टाकतील, या भीतीने रत्ना आयच्या आवाजात म्हणाली, "माझा पोर येतोय, मला आनखी काय नको," आणि मोबाइलच बंद करून ठेवला.

आता भाकऱ्या टोपलीत होत्या, सुकटीचं कालवण चुलीवर.

"जेवू दे त्याला. मंग सांगते," रत्ना म्हणाली.

"जेवल्यावर सांगितलंस तर खाल्लेलं भायेर येईल त्याच्या."

"मंग काय करू, काकी? त्याने आयला पाणी सोडायचं, तर मी त्याला तिच्याशी गप्पा मारायला लावल्या. त्याच्या वाटचं रडूसुद्धा ठेवलं नाय मी. पाय धरीन त्याचे."

"धर बाय. बारका असला तरी धर," काकी म्हणाली. या वेळी टोमणा नव्हता.

बाहेर रिक्षा थांबली.

रत्ना पदराला हात पुसत अंगणात आली. रिक्षातून एक वाळलेला पोरगा उतरला. हातात अजयची निळी बॅग. रत्नाने त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं. रिक्षा रिकामी होती. रिक्षावाल्याने ती वळवली आणि निघून गेला.

पोरगा अंगणाच्या कडेलाच थांबला. त्याची एक भुवई मधोमध चिरलेली होती.

"अजय मागून येतोय काय रे?" हौशीकाकीने विचारलं.

त्याने बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरली. घराच्या दारातून आत, कुणाला तरी शोधत पाहिलं. मग तो बोलला, त्याच बसलेल्या आवाजात, ज्याला रत्ना इतके दिवस बाला म्हणत आली होती.

"आयला बोलवा ना, ताई. फोनवर नाय सांगता आलं मला."