ताईची डावी बाजू

"ताई, जरा उजवीकडे वळ."

कॅमेरामनने भिंगातून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. समोर खुर्चीत त्याची सख्खी मोठी बहीण बसली होती, सिनेमाची नायिका. तिची डावी पापणी उजवीपेक्षा खाली आली होती. सकाळी असं नव्हतं.

"वळते बाबा, वळते. आधीच डोकं ठणकतंय, त्यात तुझी कवायत," ताई म्हणाली. "सुरकुती दिसली का रे? दिसू दे. माझ्या सुरकुत्यांवरच तर तुझं पोट चालतं!"

सगळा सेट हसला. तोही हसला, पण मनात पाल चुकचुकली. झोप झाली नसेल, असं म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली. आता दुसरा कुणी भाऊ असता तर उठून जवळ गेला असता, काय होतंय म्हणून विचारलं असतं. यानं मात्र उभ्या जन्मात एकच केलं होतं. चेहऱ्यात खोट दिसली की लाइट सरकवायचा! त्याने डावीकडचा लाइट बंद करायला लावला. पापणी काळोखात गेली, चेहरा झकास दिसू लागला.

मग ओठाची डावी कड ओघळली. त्याने उजेड अडवायचं काळं कापड तिच्या डाव्या बाजूला पुढे ओढून घेतलं. ताईच्या डाव्या हातातला कप निसटून फुटला.

"कोण रे तो धांदरट?" ताईने इकडेतिकडे बघत विचारलं. पुन्हा हशा झाला. त्याने कॅमेरा थोडा वर उचलला आणि तिचा हात चौकटीबाहेर घालवला.

मागे छोट्या पडद्यावर शॉट बघणारा दिग्दर्शक खूश होता. "वा! पण भाऊ, अर्धा चेहरा काळा का? रडायचा शॉट आहे, दोन्ही डोळे हवेत मला. डावीकडचा लाइट लावा."

ताईला काहीतरी भयंकर होतंय, हे कॅमेरामनला कळत होतं. तरी भिंगावरचा डोळा काही त्याला काढवेना.

लाइटवाल्याने बटण दाबलं. ताईच्या डाव्या गालापासून हातभर अंतरावर मोठा लाइट भपकन पेटला. त्याच्या धगीने गालावरची पावडर घामाने भिजून खाली उतरू लागली. ताई शांतपणे समोर बघत होती.

"अरे, लावा की तो डावीकडचा," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "किती वेळ अंधारात बसवणार आहात मला?"