लग्नाचा रांजण

काखेतीच्या द्राक्षमळ्यांच्या मुलखात मुलगी जन्मली की बाप अंगणात पुरलेला एक रांजण वाईनने भरतो, त्यावर माती लिंपतो आणि तो उघडतो थेट तिच्या लग्नात. मळेवाल्याची पोर नातेला मात्र लग्नाचं नाव काढलं की म्हणायची, "आधी वाईनची शाळा, मग नवरा!" शाळेत तिची निवड झाली तेव्हा बाप गावभर सांगत सुटला, "माझ्या पोरीच्या जिभेला तोड नाही!"

आज पहिली परीक्षा. वख्तांग मास्तरांनी प्रत्येकापुढे एकेक पेला ठेवला. "चाखा आणि सांगा, कुठल्या मळ्यातली, किती जुनी?"

नातेलाने पहिला घोट घेतला आणि पेला पुन्हा नाकाशी नेला. अक्रोडाच्या पाल्याचा हा वास फक्त तिच्या घरच्या मळ्याचा होता. आणि घरची वाईन तर नवी द्राक्षं उतरायच्या आत संपायची. इतकी जुनी, तिच्याच वयाची, एकच होती.

"काय गं, ओळखलीस?"

बापाची अब्रू तिच्या जिभेवर होती. तिने मान खाली घातली. "नाही ओळखू आली, मास्तर."

मास्तर तिच्या कानाशी वाकले.

"असू दे, मनाला लावून घेऊ नकोस. रांजण उपसून वाईन माझ्या दारी आणली, तेव्हाच तुझा बाप म्हणाला होता, 'पोरीला चवीतलं ओ की ठो कळत नाही, पण तेवढी पदरात घ्या.'"