मागे बसून राहणारा

"तुम्ही सगळे खाली जा. मी येते मागून," ती म्हणाली.

सामान उचलणारी माणसं शेवटची खुर्ची घेऊन जिन्याकडे वळली. तिचा मोठा भाऊ मात्र दारातच उभा राहिला. "आता काय राहिलंय आत? पडदेसुद्धा काढले आपण." रिकाम्या खोलीत त्याचा आवाज घुमला.

"बाबा आहेत का ते बघायचंय, दादा."

बाबा जाऊन फार दिवस झाले नव्हते.

बाबांनी जन्मभर इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम केलं. त्यांची एक खोड होती. अर्थ स्वतः करून पाहिल्याशिवाय कागदावर घ्यायचा नाही. 'रांगणे' या शब्दासाठी ते साठीत घरभर रांगले होते. शेवटी शेवटी ते 'रेसिडेन्स'पाशी अडले. निवास, वास्तव्य, मुक्काम, बिऱ्हाड, सगळं लिहिलं आणि सगळं खोडलं.

"अगं, लॅटिनमध्ये याच्या मुळाशी बसणं आहे," ते म्हणाले होते. "मागे बसून राहणं. बाकीचे उठून गेले तरी जो उठत नाही, त्याचं ते घर."

"म्हणजे तुम्हीच," दादा म्हणाला होता. "जेवायला दहा हाका मारल्या तरी ढिम्म!"

बाबा खो खो हसले होते. मग सगळ्यांना बाहेर पिटाळून, अर्थ तपासायला, बराच वेळ एकटे बसून राहिले होते.

आज ती तेच करणार होती.

"आणि असले तर?" दादाने विचारलं.

"तर किल्ली द्यायची नाही. त्यांना परक्यांच्या घरात टाकून मी नाही यायची."

"वेडाबाई," दादा म्हणाला. पण दार त्याने हलकेच ओढून घेतलं.

ती खिडकीखाली, बाबांच्या जागी, भिंतीला टेकून बसली. "बाबा," तिने हाक मारली. हाक घुमली नाही. दादाचा आवाज आत्ताच घुमला होता. तिचा मात्र, माणसांनी भरलेल्या खोलीत जिरावा तसा जिरून गेला. ती श्वास रोखून बसली. पुढे काहीच झालं नाही.

ती उठून आतल्या खोलीकडे निघाली. वाटेतली सुटी फरशी तिच्या पायाखाली खट् वाजली. ती आत पोचली, आणि मागे फरशी पुन्हा वाजली. खट्. तिने गर्रकन वळून पाहिलं. बाहेरच्या खोलीत नुसतं ऊन पडलं होतं.

"बाबा?" आतूनच तिने बाहेरच्या खोलीकडे हाक मारली. आता मात्र हाक घुमली, कोरड्या हौदात घुमते तशी, आणि जशीच्या तशी परत आली.

मग तिला पटलं. इथे मागे बसून राहिलेलं कोणी नव्हतं. इतके दिवस अडलेलं रडू तिने तिथेच उभ्या उभ्या संपवलं, तोंडावर पाणी मारलं आणि दार उघडलं.

घर विकत घेतलेल्या बाई जिना चढून येतच होत्या. व्यवहार सगळा दादाने केला होता. त्याच्याखेरीज या घरातल्या कोणालाही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तिने त्यांच्या हातावर किल्ली ठेवली.

"सगळं घेतलंत ना, ताई? काही राहिलं असेल तर सांगा, जपून ठेवीन."

"काही नाही राहिलं," ती म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. "घर रिकामं आहे."

तिने उंबरा ओलांडला आणि भराभर पायऱ्या उतरू लागली.

"ताई, जरा सावकाश!" बाई वरून म्हणाल्या. "काकांना हात तरी द्या. जिन्यात अंधार आहे, आणि तुमच्या मागे यायची त्यांची किती घाई चाललीय."