दातांची खूण

खारींनी महिन्यात तिसऱ्यांदा ठिबकची नळी फोडली, अशी सुकुमारची तक्रार होती. म्हणून पाणीप्रकल्पाची मीनल आज त्याच्या मेथीच्या वाफ्याशी येऊन बसली होती. कापडगिरण्यांचं सांडपाणी शुद्ध होऊन दोन वर्षं याच नळ्यांतून रानाला मिळत होतं.

तिने नळी हातात घेतली. दातांची एकही खूण नव्हती. बोटाने दाबली तर ती उकडलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी दबली आणि दबलेलीच राहिली.

सांडपाण्यातले प्लॅस्टिकचे धागे खाणारे जंतू प्रकल्पाने घडवले होते. काम झालं की शेवटच्या टाकीत ते सगळे मरतात, असं मीनल स्वतःच गावोगाव सांगत आली होती.

"ही भाजी घरी खाता?" तिने विचारलं.

"खातो की. भाकरीसंगं कच्चीच लागते मला."

तेवढ्यात त्याची बायको त्रिशला ताकाची प्लॅस्टिकची बरणी घेऊन आली. "ताई, हे झाकण बघा की, कसं चिकट झालंय. उन्हानं असंल न्हवं?"

मीनलने झाकणाला हात लावला नाही. सुकुमारच्या सदऱ्याच्या उघड्या गुंडीतून छातीवरचा लांब व्रण दिसत होता.

"हे कसलं ऑपरेशन?"

"काळजाजवळची मोठी शीर फुगली होती. ती काढून प्लॅस्टिकची नळी बसवली," सुकुमार म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, आता जन्मभर बघायला नको."

मीनलच्या मुठीतली नळी कधी फुटली ते तिला कळलंच नाही. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.