स्टिकरच्या खाली

आखातातल्या सहम गावच्या बीचवर उतरल्या उतरल्या बाबांनी माझ्या धाकट्या बहिणीच्या, मधूच्या तोंडावर सनस्क्रीनचा स्प्रे फसाफसा मारला. ती खोकत सुटली.

"नॅनो आहे, एकदम बारीक कण, जरापण पांढरं दिसत नाही! आमच्याच कंपनीने मागवलाय," बाबांना कौतुक.

डोकंच सटकलं माझं. बाटली हिसकावली आणि वरचा अरबी स्टिकर नखाने सोलला. खाली मूळ इंग्लिशमध्ये छापलेलं होतं: तोंडावर मारू नका, श्वासात जाऊ देऊ नका.

"शाळा सोडली असेल मी, बाबा, पण वाचता येतं मला! हे झाकलं कोणी?"



बाबांनी बाटली घेतली आणि स्टिकर अंगठ्याने दाबून परत बसवला. "फाडतोस काय मूर्खा? सेफ्टीचा नियम आहे, हा स्टिकर लावल्याशिवाय माल पासच होत नाही इकडे."