मोबाईलमधले पाय

"जरा मागच्या बाजूला चल," उमादेवी म्हणाल्या. वैष्णवीच्या मोबाईल दुकानाला मागची बाजू नव्हतीच. मग दोघी काउंटरखाली वाकल्या.

फोन उमादेवींच्या नवऱ्याचा, शिवलिंगप्पांचा होता. ते जाऊन दोन महिने झाले होते. कळंबच्या मोंढ्यात त्यांनी चाळीस वर्षं धान्याची आडत केली. कपाळावरची विभूती कधी चुकली नाही आणि घरातलं बोलणं कधी वाढलं नाही. उमादेवी गुडघा धरून उठू लागल्या की ते एवढंच म्हणायचे, वय झालं, चालायचंच. आता उमादेवी रोज सकाळी त्यांच्याच खुर्चीत बसून त्यांच्याच फोनवर सोयाबीनचा भाव बघायच्या. घरात विकायला दाणा नव्हता, पण सकाळ तर घालवायला हवी.

भाव उघडला की त्याच्यावर बाईचा उघडा पाय उडी मारून यायचा. पार गुडघ्याच्या वरपर्यंत. उमादेवी डोळे घट्ट मिटून फुली दाबायच्या. मिटल्या डोळ्यांना फुली सापडत नाही, त्यामुळे एका पायाचे चार व्हायचे. ह्यांनी या फोनात काय काय बघून ठेवलंय, हा विचार देवघरातही सुटेना. मुलगा पुण्याला. पण बापाचं असलं काही मुलाला विचारता येत नाही.

"हे पाय बंद कर. आणि कुठं बोलू नको."

वैष्णवी म्हणाली, पॉप-अप बंद करायला सेटिंगमध्ये एक बटण असतं, लई सोपं. बाकी जाहिरात उगाच येत न्हाय. माणूस जे शोधतो तेच त्याच्या मागं लागतं. उमादेवींचा चेहरा उतरला. नेमकी हीच तर भीती होती.

वैष्णवीनं शोधलेल्याची यादी उघडली आणि हळू आवाजात वाचली. बायकोचे गुडघे दुखतात उपाय. गुडघ्याचा पट्टा बायकांचा. बायकोला न विचारता पट्ट्याचं माप कसं घ्यावं. हे शेवटचं, ते गेले त्याच्या आदल्या दिवशीचं.

तेवढ्यात यादीवर पुन्हा पाय उडी मारून आला. उमादेवींनी पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून तो पाहिला. गुडघ्यावर पट्टा होता.

वैष्णवीनं सेटिंग उघडून बोट बटणावर नेलं. "करू का बंद, काकू?"

"राहू दे," उमादेवी म्हणाल्या. "चाळीस वर्षांत कधी विचारलं न्हाय. आता रोज विचारतायत."