भागधारकांसाठी भेट

जाहिरातींत झाडंपाखरं मिरवणारी कंपनी विषारी पाणी गुपचूप नदीत सोडते, ही बातमी सकाळीच फुटली. दुपारपर्यंत शेअर गडगडला. त्या जाहिराती लिहिणारी ती भागधारकांच्या सभेच्या दाराशी रोपटी वाटत उभी होती. "फक्त हसत राहा," साहेबांनी बजावलं होतं. संतापलेले लोक रोपट्यांकडे ढुंकूनही न पाहता आत शिरत होते. एक म्हातारी मात्र रोपटं घेऊन थांबली. "आमच्या ह्यांनी सगळी पुंजी तुमच्या शेअरमध्ये घातली. ते जाऊ दे, पोरी. हे लावू कुठे? आम्ही नदीकाठचे, अंगणात आता गवतसुद्धा उगवत नाही." "कुंडीत लावा, आजी. माती विकत मिळते," ती हसत म्हणाली. आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं, पण आत काहीच हललं नाही. म्हातारीनं रोपटं तिच्यापुढे परत ठेवलं. तेच उचलून तिनं पुढच्या माणसासमोर धरलं.